व्यसनमुक्तीच्या पहिल्या महिन्यांतील आहार : सुरुवात कुठून करावी आणि कशाला जपावे

दारू, अफूजन्य द्रव्ये, उत्तेजक द्रव्ये किंवा तंबाखू यांपैकी काहीही वर्षानुवर्षे घेतलेले शरीर उपचारासाठी येते तेव्हा ते बहुतेक वेळा उपाशी असते, मग काट्यावर वजन भरपूर का दिसेना. एक ग्रॅम मद्यार्कातून सुमारे ७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. कर्बोदकांच्या मानाने ही ऊर्जा बरीच जास्त आहे, पण तिच्यासोबत प्रथिने, जीवनसत्त्वे किंवा खनिजे यांतले जवळपास काहीच येत नाही. पिणाऱ्याची भूक या रिकाम्या ऊर्जेने मरते, जठराचे आणि आतड्याचे अस्तर दुखावल्यामुळे जे थोडेफार खाल्ले जाते तेही नीट शोषले जात नाही आणि यकृताची जीवनसत्त्वे साठवून ठेवण्याची क्षमता घटत जाते. उत्तेजक द्रव्ये भूकच मारून टाकतात, अफूजन्य द्रव्ये आतड्यांची हालचाल मंद करतात, आणि व्यसन कोणतेही असो, जेवणाच्या वेळा हळूहळू दिवसातून नाहीशा होतात.

हा लेख व्यसन सोडू पाहणाऱ्या व्यक्तीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे. आहाराने व्यसन बरे होत नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवे. औषधोपचार, समुपदेशन आणि आधारगट यांची जागा कोणतेही ताट घेऊ शकत नाही. मात्र झोप, मनःस्थिती, एकाग्रता आणि तलफ आली असता तग धरण्याची ताकद यांचा पोटाशी इतका जवळचा संबंध आहे की, आहाराकडे दुर्लक्ष करून बाकीचे उपचार घेणाऱ्याची वाट विनाकारण अवघड होते. माझा आग्रह एका क्रमाविषयी आहे : आधी सुरक्षितता, मग जेवणाची वेळ, आणि त्यानंतर पदार्थांची निवड. बरेच जण पहिल्याच दिवशी पौष्टिक पदार्थांच्या याद्या करायला बसतात आणि ज्या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे त्या राहून जातात.

पहिली पायरी : थांबण्याआधी तपासणी

रोज भरपूर दारू पिणाऱ्याने किंवा झोपेच्या अथवा चिंतेवरच्या गोळ्यांची सवय जडलेल्याने त्या घरच्या घरी एकदम बंद करू नयेत. दारू थांबल्यावर हातांची थरथर, घाम, मळमळ आणि बेचैनी साधारण ६ ते २४ तासांत सुरू होते, फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना भास, तीव्र गोंधळ व ताप यांसह जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. या काळात जेवणाचा विचार दुय्यम असतो. देखरेख आणि औषधे आधी लागतात.

डॉक्टरांकडे जाताना आहाराविषयीची माहिती मोकळेपणाने द्यावी, कारण ती विचारली जाईलच असे नाही. गेल्या तीन ते सहा महिन्यांत वजन किती घटले, गेल्या आठवड्यात नीट जेवण किती दिवस झाले, उलट्या किंवा जुलाब होतात का, हातापायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, आधीपासून मधुमेह आहे का, हे सांगावे. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण मद्यार्क यकृताला नवीन साखर तयार करू देत नाही. दारू थांबली आणि जेवण सुरू झाले की रक्तातील साखरेचे सगळे गणित बदलते आणि मधुमेहाच्या औषधांचे प्रमाण पुन्हा ठरवावे लागते. रक्ततपासणीत रक्तपेशी, साखर, यकृत आणि मूत्रपिंड यांच्यासोबत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम व फॉस्फेट यांचाही समावेश असावा. ही शेवटची दोन नावे अनेकदा सुटतात, आणि पुढच्या भागांत त्यांचेच काम पडणार आहे.

दुसरी पायरी : ब-१ जीवनसत्त्व, जेवणाच्याही आधी

दारूच्या बाबतीत संपूर्ण लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही असावी. मेंदूच्या पेशींना ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्यासाठी ब-१ म्हणजे थायमिन लागते. प्रौढ माणसाची रोजची गरज जेमतेम १.१ ते १.२ मिलिग्रॅम असते, आणि शरीरातला एकूण साठा साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे पुरवठा बंद पडला तर दोन-तीन आठवड्यांत संपणारा. नियमित दारू पिणाऱ्याच्या शरीरात हा पुरवठा अनेक ठिकाणी तुटतो : अन्नातून थायमिन कमी येते, आतड्यातून ते कमी शोषले जाते, यकृतात कमी साठते, आणि मॅग्नेशियम घटल्यामुळे आलेल्या थायमिनचा नीट उपयोगही होत नाही.

अशा अवस्थेत शरीरात अचानक भरपूर साखर आली, मग ती सलाईनमधून असो किंवा गोड पेयातून, की ती जाळण्यासाठी उरलेसुरले ब-१ खर्ची पडते आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली या विकाराचे वर्णन केले. गोंधळलेपण, डोळ्यांच्या हालचालीत दोष आणि चालताना तोल जाणे ही त्याची तीन प्रमुख लक्षणे. परंतु तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण थोडेच असतात, त्यामुळे ‘अजून नशा उतरलेली नाही’ असे समजून दुर्लक्ष होण्याची भीती मोठी असते. वेळेत उपचार न झाल्यास स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होऊ शकते. सर्गेई कोर्साकोव्ह यांनी १८८७ पासून ज्या विस्मरणाचे वर्णन केले ते हेच.

म्हणून दारू सोडणाऱ्याने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की ब-१ कधी आणि कोणत्या स्वरूपात मिळणार आहे. आतड्यातून शोषण मंदावलेले असल्याने सुरुवातीला ते बहुधा इंजेक्शनने दिले जाते आणि गोळ्या नंतर सुरू होतात. रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरली असेल तर ग्लुकोज थांबवायचे नसते. ब-१ त्याच्यासोबत लगेच दिले जाते. घरी असताना गोंधळ, दुहेरी दिसणे किंवा पावले अडखळणे यांपैकी काहीही जाणवले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तिसरी पायरी : पहिल्या आठवड्यात थोडे आणि हळू

हाडे दिसू लागलेला माणूस अखेर जेवायला तयार झाला की घरच्यांना त्याला भरभरून वाढावेसे वाटते. ही माया समजण्यासारखी आहे, पण दीर्घ उपासमारीनंतर पहिले काही दिवस पोटभर जेवण धोक्याचे ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुटका झालेल्या उपाशी कैद्यांमध्ये हे ठळकपणे दिसले : अन्न मिळू लागल्यावर त्यांतले काही जण दगावले.

त्यामागचे कारण असे आहे. उपासमारीत पेशींमधले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झिजत जाते, तरी रक्तातली त्यांची पातळी वरकरणी ठीक दिसू शकते. मग कर्बोदके एकदम पोटात गेली की इन्सुलिन वाढते आणि रक्तातली ही खनिजे झपाट्याने पेशींमध्ये ओढली जातात. रक्तात ती घसरली की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात, अंगावर सूज येते, भ्रम होतो. हा धोका साधारणपणे खाणे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत असतो.

दहा दिवसांहून अधिक काळ जवळपास काहीही न खाल्लेली व्यक्ती, सहा महिन्यांत वजन १५ टक्क्यांहून जास्त घटलेली व्यक्ती किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी, म्हणजे शरीरभार निर्देशांक १६ च्या खाली असलेली व्यक्ती यांना घरी खाऊ घालण्याचा प्रयोग करू नये. पाच दिवसांहून अधिक उपाशी असलेल्या आणि भरपूर दारू पिणाऱ्या व्यक्तीलाही हाच नियम लागू होतो. रुग्णालयात अशा रुग्णांना सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला फार तर १० किलोकॅलरी दिल्या जातात आणि चार ते सात दिवसांत, रक्ततपासण्या करत, त्या वाढवल्या जातात. ५० किलो वजनाच्या माणसासाठी याचा अर्थ पहिल्या दिवशी फक्त ५०० किलोकॅलरी असा होतो. घरच्यांना हे ताट पाहून वाईट वाटेल, पण ते विचारपूर्वक ठरवलेले असते.

इतका धोका नसलेल्यांनीही पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खावे. मऊ शिजवलेला भात, उकडलेला बटाटा, केळे, दही, मऊ उकडलेले अंडे, कडधान्यांचे पातळ सूप असे पचायला हलके पदार्थ बहुतेकांना चालतात. दुधाने पोट फुगत असेल किंवा जुलाब होत असतील तर काही आठवडे दुधाऐवजी दही घ्यावे; आतड्याचे अस्तर सुधारले की दूध पुन्हा पचू लागण्याची शक्यता असते.

येथे एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळे अनेकांचे जेवण अर्धवट राहते. पहिल्या दिवसांत हात इतके थरथरतात की सूपाचा चमचा तोंडापर्यंत पोहोचण्याआधीच रिकामा होतो, आणि सगळ्यांसमोर सांडल्याच्या संकोचाने माणूस ‘भूक नाही’ म्हणून उठून जातो. अशा वेळी सूप वाटीत न देता रुंद कानाच्या जड मगात, निम्मेच भरून, दोन्ही हातांनी धरता येईल असे द्यावे. बाकीचे पदार्थ हाताने उचलता येतील असे असावेत. आणि शेजारी कोणी टक लावून पाहत बसू नये. भूक खरोखर नसणे आणि खाता न येणे यांतला फरक ओळखता आला तर पहिला आठवडा पुष्कळ सोपा जातो.

उलट्या, जुलाब आणि घाम यांतून पाणी व क्षार दोन्ही जातात. अफूजन्य द्रव्ये थांबवल्यावरच्या दिवसांत हे विशेष दिसते. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा तयार जलसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळून, घोट घोट घ्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ असे प्रमाण वापरतात. मीठ अंदाजाने वाढवू नये. लघवी फारच कमी होत असेल किंवा घोटभर पाणीही टिकत नसेल तर सलाईनची गरज आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

चौथी पायरी : घड्याळाप्रमाणे जेवण

पहिला आठवडा पार पडला की माझ्या मते सर्वांत मोठा फरक जेवणाच्या ठरलेल्या वेळांनी पडतो. ताटात काय आहे हा प्रश्न त्याच्या नंतरचा. व्यसनाच्या काळात भुकेची नैसर्गिक जाणीव बोथट झालेली असते, म्हणून ‘भूक लागली की खाईन’ हा नियम सुरुवातीला चालत नाही. तीन जेवणे आणि मधली दोन-तीन छोटी खाणी यांच्या वेळा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावाव्यात आणि भूक असो वा नसो, त्या वेळेला काहीतरी पोटात जावे. दोन खाण्यांत दिवसा चार तासांहून अधिक अंतर पडू देऊ नये.

यामागे शरीराचा एक साधा व्यवहार आहे. साखर घसरली की छातीत धडधड, घाम, थरथर, चिडचिड आणि मन एका जागी न ठरणे ही लक्षणे येतात. तलफेची लक्षणे जवळपास हीच असतात. वर्षानुवर्षे ज्या अस्वस्थतेला दारू किंवा अन्य द्रव्य हेच उत्तर होते, त्या अस्वस्थतेचे कारण साधी भूक आहे हे मेंदूला चटकन उमगत नाही. व्यसनमुक्तीच्या आधारगटांत तलफ आली की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी तपासायला सांगतात, आणि त्यांत भुकेचे नाव पहिले असते.

संध्याकाळची वेळ घ्या. काम संपलेले आहे, दुपारचे जेवण होऊन सहा तास उलटले आहेत, आणि पूर्वी याच वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे. हात किंचित गार पडतात, कोणी काही विचारले तरी अंगावर यावेसे वाटते, आणि ‘आज एकच’ हा विचार डोक्यात फिरू लागतो. ही वेळ येण्याच्या तासभर आधी, म्हणजे तलफ जागी होण्यापूर्वी, प्रथिने आणि कर्बोदके दोन्ही असलेले काही खाल्लेले असावे : मूठभर दाणे आणि एक फळ, उकडलेले अंडे आणि पावाचा तुकडा, किंवा वाटीभर दही आणि केळे. तरीही तलफ आलीच तर आधी खावे, पाणी प्यावे, वीस मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग पुन्हा स्वतःला विचारावे. भूक असेल तर ती तोवर ओसरू लागते. तलफ तशीच राहिली तर निदान तिचे कारण वेगळे आहे हे कळते, आणि मग समुपदेशकाला किंवा विश्वासातल्या माणसाला फोन करण्याची वेळ झालेली असते.

यासाठी एक लहान वही ठेवावी. तलफ आली की वेळ, तिचा जोर आणि शेवटचे खाणे कधी झाले एवढ्याच तीन गोष्टी तिच्यात लिहाव्यात. दोन आठवड्यांत आपापल्या दिवसातली धोक्याची वेळ बहुधा वहीतच दिसू लागते. ही नोंद उष्मांक मोजण्यासाठी वापरू नये. ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा विकार होता त्यांनी तर ती समुपदेशकाच्या सल्ल्यानेच ठेवावी.

पाचवी पायरी : ताटात काय असावे

पहिला मान प्रथिनांना द्यावा. स्नायू झिजलेले असतात, आणि मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांचा कच्चा माल प्रथिनांतूनच येतो. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात, पण झिजलेल्या शरीराला १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत लागू शकतात. ६० किलो वजनासाठी हे ७२ ते ९० ग्रॅम होतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, कपभर दुधात ७ ते ८ ग्रॅम आणि १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यांत २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. यावरून लक्षात येईल की एकाच जेवणात हा आकडा गाठण्याचा हट्ट धरण्यापेक्षा प्रत्येक खाण्यात प्रथिनांचा एखादा पदार्थ असणे जास्त सोपे आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

कर्बोदके शक्यतो अख्ख्या धान्यांतून आणि कडधान्यांतून घ्यावीत, म्हणजे साखर हळूहळू चढते, उतरते आणि ब गटातली जीवनसत्त्वेही मिळतात. हिरव्या पालेभाज्या आणि कडधान्ये यांतून फोलेट मिळते. दारूमुळे ते विशेष घटते आणि त्यातून एक प्रकारचा पंडुरोग होतो. दाणे, बिया आणि अख्खी धान्ये मॅग्नेशियम व जस्त देतात. जस्त कमी पडले की अन्नाला चव लागत नाही, आणि ‘काहीच गोड लागत नाही’ ही तक्रार करणाऱ्याला अनेकदा हेच झालेले असते. तेल-तुपाला घाबरण्याचे कारण नाही. फक्त पोटात तीव्र वेदना होत असतील किंवा शौच तेलकट, फिकट व दुर्गंधीयुक्त होत असेल तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्यावी, कारण तिथे आहाराबरोबर पाचक विकरेही लागू शकतात.

द्रव्यानुसार जपण्याच्या गोष्टी

अफूजन्य द्रव्ये घेणाऱ्यांना, आणि त्यांच्या उपचारासाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्यांना, बद्धकोष्ठतेचा आणि गोडाच्या ओढीचा त्रास होतो. तंतुमय पदार्थ वाढवायचे असतील तर पाणीही वाढवावे. पाण्याशिवाय नुसता चोथा वाढवला तर आतड्यात तो अडकून त्रास वाढतो, आणि केवळ आहाराने भागत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्यावे. जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनमुळे दातांना इजा होऊ शकते, म्हणून गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याची चूळ तोंडात हलके फिरवून गिळावी आणि दात घासण्यापूर्वी किमान एक तास थांबावे.

कोकेन किंवा मेथॅम्फेटामिनसारखी उत्तेजके थांबल्यावर सुरुवातीचे दिवस माणूस खूप झोपतो आणि उठला की खूप खातो. हे शरीराचे थकलेले कर्ज फिटणे आहे. त्यावर टोकू नये, फक्त हाताशी चांगले अन्न राहील असे पाहावे. दात दुखावलेले असतील तर मऊ अन्न द्यावे आणि दंतवैद्याची भेट लवकर ठरवावी, कारण चावता न आल्याने आहार कायमचा निकृष्ट राहतो. गांजा सोडणाऱ्याची भूक उलट पहिला आठवडाभर मंदावते आणि पुढे बहुधा आपोआप परतते. तोवर पातळ आणि लहान खाण्यांवर भागवावे.

तंबाखूविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात सरासरी ४ ते ५ किलो वजन वाढते आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत वाढते, कारण निकोटीन भूक दाबून ठेवते व ऊर्जेचा खर्च वाढवते. सोडण्याचे आरोग्यलाभ या वाढीपेक्षा कितीतरी मोठे आहेत, म्हणून सोडण्याच्या आठवड्यांत कडक डाएट मुळीच सुरू करू नये. भुकेल्या पोटी तलफ जास्त छळते. दुसरी गोष्ट कॉफीची. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करत असते. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीने रक्तात कॅफिनची पातळी बरीच वाढते. त्यामुळे येणारी धडधड आणि झोपमोड निकोटीन सुटल्याची समजली जाते. कॉफी निम्म्यावर आणावी आणि दुपारनंतर घेऊ नये. निकोटीनचा च्युइंगम वापरत असाल तर चघळण्याच्या आधी १५ मिनिटे आणि चघळताना कॉफी, फळांचा रस किंवा शीतपेय टाळावे. आम्लामुळे निकोटीन तोंडातून नीट शोषले जात नाही.

गोडाचा प्रश्न

व्यसन सुटल्यावर गोडाची ओढ लागणे हे अगदी सर्रास आढळते. पहिल्या काही आठवड्यांत तलफेच्या क्षणी एखादी गोळी किंवा चॉकलेटचा तुकडा खाल्ल्याने कोणी सावरत असेल तर त्याला त्यावरून ऐकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वेळी एकच लढाई पुरे असते. काही महिन्यांनी, स्थैर्य आल्यावर, गोड हळूहळू जेवणानंतरपुरते मर्यादित करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, म्हणजे २००० किलोकॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमच्या आत. एनर्जी ड्रिंक मात्र सुरुवातीपासूनच टाळलेली बरी, कारण साखर आणि कॅफिन यांचा तो एकत्रित झटका झोप आणि मन दोन्ही बिघडवतो.

‘अल्कोहोलमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये अनेक ठिकाणी ०.५ टक्क्यापर्यंत मद्यार्क असू शकतो, आणि तिचा वास व चव जुनी आठवण जागी करतात. डायसल्फिरॅम, म्हणजे दारू पोटात गेलीच तर त्रास व्हावा म्हणून दिले जाणारे औषध, घेणाऱ्यांनी तर खोकल्याची औषधे, माउथवॉश आणि मद्य घातलेले सॉस यांचे लेबल वाचल्याशिवाय काहीही तोंडात घालू नये. या औषधाचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

यकृताचा आजार असेल तर

यकृत खराब आहे म्हणून प्रथिने बंद, हा समज आजही घरोघरी आढळतो आणि तो रुग्णाचे नुकसान करतो. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होते त्या आजारात, स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून आजच्या वैद्यकीय शिफारशी दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे सांगतात. शौचाला नियमित होत असावे आणि गुंगी किंवा भ्रम दिसताच डॉक्टरांना कळवावे. अशा यकृतात साखरेचा साठा राहत नाही. एका रात्रीचा उपवास त्या शरीराला निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो. म्हणून झोपण्यापूर्वी सुमारे ५० ग्रॅम कर्बोदके असलेले खाणे आणि उठल्याबरोबर न्याहारी हे औषधाइतकेच नेमाने पाळावे. पोटात पाणी झाले असेल तर मीठ दिवसाला साधारण ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. पण अळणी जेवणामुळे खाणेच सुटत असेल तर हट्ट न धरता आहारतज्ज्ञांशी बोलावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले शिंपले व कालवे अशा रुग्णांना जीवघेण्या जंतुसंसर्गाकडे नेऊ शकतात, ते पूर्णपणे टाळावेत.

गोळ्या, पावडरी आणि ‘डिटॉक्स’

डॉक्टरांनी दिलेले ब-१, फॉलिक आम्ल किंवा मल्टिव्हिटॅमिन जरूर घ्यावे. त्यापलीकडे जाऊन तलफ घालवण्याचा दावा करणाऱ्या महागड्या अमिनो आम्लांच्या पावडरींवर पैसे खर्च करण्याइतका भक्कम पुरावा नाही. काही पूरक गोळ्या तर अपाय करतात. अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दारूने दुखावलेल्या यकृताला आणखी इजा करतात. फिनलंडमध्ये झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. लोहाची गोळीही रक्ततपासणीशिवाय सुरू करू नये, कारण दारूच्या रुग्णांत लोह कधी कधी जास्तही साठलेले असते. रस पिऊन किंवा उपवास करून शरीर ‘स्वच्छ’ करण्याचे कार्यक्रम या काळात सरळ धोक्याचे आहेत. वर सांगितलेली उपासमार आणि खनिजांची घसरण ते पुन्हा घडवून आणतात.

घरच्यांसाठी, आणि पुढच्या भेटीसाठी

घरच्यांनी जेवण हे बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरू नये. घसरण झाली तरी त्या दिवशीचे जेवण वेळेवर वाढावे, आणि दारूच्या बाबतीत ब-१ ची गोळी चुकू देऊ नये, कारण पुन्हा पिणे सुरू झाले तर तिची गरज वाढते. जेवताना जुने हिशेब काढू नयेत. महिनाभरानंतर भाजी चिरण्यासारखे एखादे काम बरे होणाऱ्या व्यक्तीकडे सोपवावे; रिकाम्या संध्याकाळीला त्यामुळे काम मिळते आणि स्वतःसाठी शिजवण्याची सवय लागते.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी करावे. आठवड्याला अर्धा-एक किलो वाढ झिजलेल्या शरीरासाठी चांगली असते. पण दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि पाय किंवा पोट सुजलेले दिसले तर ते पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला वजनाचे आकडे, तलफेची वही आणि घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि फॉस्फेट व मॅग्नेशियमची तपासणी पुन्हा करायची आहे का, हे विचारून घ्यावे.